उलटी फिरलेली गिरण

सचिवांनी आतून प्लॅस्टिकची लाल खुर्ची आणली, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली आणि कूलरच्या खोलीत भिंतीला लावून ठेवली. "बसा मालक, पोरगं बघतंय की." मी बसलो. दूध गार करणाऱ्या कूलरच्या दुरुस्तीच्या या धंद्यात मला 26 वर्षं झाली. दूध संस्थांच्या असल्या खोल्यांत मी उकिडवा बसलोय, ओल्या फरशीवर पालथा पडलोय, रिकामा कॅन उपडा घालून त्यावर चहा प्यालोय. खुर्चीवर बसायची ही पहिली वेळ. गेल्या डिसेंबरातली गोष्ट. पन्हाळ्याच्या पलीकडचं गाव, रात्रीचे साडेनऊ, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या, थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघावी. आणि आत 2,000 लिटरच्या टाकीत संध्याकाळचं 1,400 लिटर दूध पडून होतं, टाकीवरचा तापमानाचा आकडा 22 वर अडकला होता. तो 4 वर यायला हवा. धारेचं दूध कोमट असतं. ते दोन-तीन तासांत गार झालं नाही तर सकाळचा टँकर येईपर्यंत त्याचा वास बदलतो आणि गावातल्या घराघरांच्या दहा दिवसांच्या बिलात खड्डा पडतो. दारात चार-पाच माणसं उभी होती. कुणी काही बोलत नव्हतं.

खुर्ची यायच्या आधी मी काय केलं होतं, तेही सांगतो. आत शिरल्या शिरल्या कॉम्प्रेसरचा आवाज कानावर आला. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावेत तसा खडखडत होता. आमच्या पोरानं गेज लावले. दोन्ही काटे जवळजवळ एकाच आकड्यापाशी. एकीकडं दाब चढत नाही, दुसरीकडं उतरत नाही. मी उभ्या उभ्या निदान केलं: वॉल्व्ह प्लेट गेली, कॉम्प्रेसर पंपिंग करत नाही, बदलावा लागणार. लगेच ऑफिसला फोन करून सांगितलं, गोडाऊनमधला कॉम्प्रेसर पिकअपमध्ये टाका आणि निघा. सचिवांचा चेहरा जरा सैल पडला. मालक स्वतः आलेत आणि त्यांना कळलंय, एवढ्यानं माणसाला धीर येतो. मग मी सवयीनं वाकून सक्शन लाइनला, म्हणजे कॉम्प्रेसरकडं गार गॅस आणणाऱ्या नळीला, हात लावायला गेलो, तेवढ्यात पोरगा मधे आला. "राहू दे दादा, तेल हाय तिथं. शर्ट खराब हुईल." मी एका लग्नाहून परतत होतो, अंगात पांढरा शर्ट होता. खुर्ची त्याच वेळी आली.

पोराला आम्ही कोतोली म्हणतो. आमच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांना गावावरूनच हाक मारतात; कुणी गारगोटी, कुणी कागल, कुणी हळदी. कोतोली 23 वर्षांचा, कळंब्याच्या आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा ट्रेड करून आलेला, बोलायला कमी. त्यानं गेजकडं पुन्हा एकदा बघितलं, कॉम्प्रेसरच्या डोक्यावर तळहात ठेवला आणि सचिवांना विचारलं, "काका, गिरण कवापासनं बंद हाय?" मला वाटलं, दूध नासायला लागलंय आणि या पोराचं लक्ष कुठं आहे! सचिव म्हणाले, "दुपारी वायरमननं डीपी बदलली. तवापासनं उलटी फिराय लागलीया म्हणून बंद ठेवलीया त्यानं." कोतोलीनं नुसती मान हलवली. मेन बंद केलं, टेस्टर लावून खात्री केली, येणाऱ्या तीन वायरींतल्या दोन सोडवल्या, हिच्या जागी ती आणि तिच्या जागी ही घातली, स्क्रू आवळले. दोन-तीन मिनिटं थांबला. मग मेन चालू केलं.

खडखड नव्हती. त्या जागी एक जाड, एकसारखा घुमारा उठला. गेजचे काटे एकमेकांपासून लांब गेले. थोड्या वेळानं सक्शन लाइनवर घाम धरला, बारीक थेंब, मग ते एकमेकांत मिसळून खाली ओघळायला लागले. टाकीवर 22 चे 21 झाले तेव्हा दारातल्या एका म्हाताऱ्या आजींनी तिथूनच हात जोडले. कुणाला जोडले ते मला कळलं नाही, कोतोलीला की मशीनला. आमची पिकअप केर्लीपर्यंत आली होती. ती परत फिरवली.

मी खुर्चीवरच होतो.

ज्यांना मशीनमधलं कळत नाही त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं. मी ज्या कॉम्प्रेसरवर शिकलो ते पिस्टनचे. मोटार कुठल्याही बाजूनं फिरवा, पिस्टन आपला वर-खालीच होणार. त्यामुळं तीन फेजचा क्रम बदलला काय आणि नाही काय, त्या मशीनला फरक पडत नसे. आताचे बरेचसे कॉम्प्रेसर स्क्रोलचे असतात. जिलबीच्या वेढ्यांसारखी दोन चक्रं एकमेकांत बसवलेली, एक स्थिर, दुसरं त्याच्यात घोळत राहतं आणि गॅस कडेकडून मध्याकडं दाबत नेतं. ते उलटं फिरलं की गॅस दाबलाच जात नाही, नुसता आवाज. गेजवर दिसायला हुबेहूब वॉल्व्ह गेल्यासारखं दिसतं. म्हणजे माझं निदान चुकीच्या मशीनसाठी अगदी बरोबर होतं. आणि हे मला माहीत नव्हतं असंही नाही. स्क्रोलची माहितीपत्रकं मी वाचलीत, कंपनीच्या प्रशिक्षणाला पोरांना मीच पाठवलंय, किती तरी स्क्रोल विकलेत, त्यांची बिलं केलीत. पण रात्री दोन वाजता एखाद्या स्क्रोलशी झटलोय, असं कधी झालं नाही. तो आला त्याच सुमाराला मी बॅग खाली ठेवली होती. माझ्या हाताला जे शेवटचं मशीन ठाऊक आहे, तिथंच माझा हात थांबलाय, आणि तोंड मात्र तेव्हाच्याच खात्रीनं बोलतंय.

परतीच्या वाटेवर कोतोली शेजारी बसून काचेबाहेर बघत होता. तो काही बोलला नाही, हे त्याचं मोठेपण. मीच विचारलं, गिरणीचं तुला कसं कळलं? म्हणाला, "येताना वेशीत गाडी थांबली नव्हं? तुम्ही फोनवर हुता. मी उतरलो तर तिथं कट्ट्यावर पोरं बोलत हुती, पीठ न्हाई मिळालं म्हणून." गाडी थांबली होती हे मला आठवलं. काच वर होती, आत एसी होता, आणि मी जीएसटीच्या एका हिशोबावरून आमच्या अकाउंटंटशी बोलत होतो. मोटारसायकलवरून फिरायचो तेव्हा मीही वेशीतच थांबायचो. पहिला चहा तिथं, मग कूलर. मशीनला काय झालंय त्यातलं निम्मं चहाच्या कपाबरोबर कळायचं: काल लाइट किती वेळ नव्हती, जनरेटर कुणी चालवला, कंडेन्सरवर पोरांनी गोणपाट वाळत घातलं होतं की नाही. हे मी कोतोलीला कधी शिकवलेलं नव्हतं. ते शिकवायचं असतं हेच विसरलो होतो.

घरी पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. बायको जागी होती. ऑफिसचे हिशेब तीच बघते, त्यामुळं पिकअप निघाली आणि परत आली हे तिला आधीच कळलेलं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग चांगलंच झालं की. एक कॉम्प्रेसर वाचला, संस्थेचं दूध वाचलं, पोरगं हुशार निघालं. तुम्ही एवढं तोंड का पाडून बसलाय?" याचं उत्तर मला त्या रात्री देता आलं नाही. आनंद झाला होता, खरंच झाला होता. आपण घेतलेलं, आपल्या हाताखाली वाढलेलं पोरगं आपल्यापुढं गेलेलं बघून छाती भरून येते. त्याच छातीत कुठं तरी एक बारीक कुसळ टोचत होतं, आणि ते काढायला नखात काही सापडत नव्हतं.

मी शिकलो ते लक्ष्मीपुरीतल्या एका अंधाऱ्या गाळ्यात. मिस्त्री मूळचे कोकणातले, तोंडात सदा पान, मुकादमासारखे ओरडायचे आणि दुपारी स्वतःच्या डब्यातली भाकरी अर्धी मोडून द्यायचे. पहिले सहा महिने मला फक्त नळ्या घासायला लावल्या. कॉपरची नळी घासून आरशासारखी झाली नाही तर जोड धरत नाही, एवढंच सांगितलं. सातव्या महिन्यात हातात टॉर्च दिली. ज्योत जोडाच्या पाठीमागं ठेवायची, रॉड पुढून लावायचा, नळी लाल चेरीच्या रंगावर आली की रॉड आपोआप वितळून फटीत ओढला जातो. रॉड ज्योतीनं वितळवायचा नाही, नळीच्या उष्णतेनं वितळला पाहिजे. हे वाक्य मी नंतर किती पोरांना सांगितलं असेल! पण सांगितल्यानं ते कधीच कुणाला कळलं नाही. तो धातू फटीत ओढला जाताना मनगटाला जे जाणवतं ते मनगटालाच कळतं. गॅस कमी आहे की जास्त, हे मिस्त्री गेज लावायच्या आधी सांगत. सक्शन लाइन मुठीत धरायचे, डोळे मिटायचे, पान एका गालातून दुसऱ्या गालात घ्यायचे. मग आकडा सांगायचे. मग मी गेज लावायचो.

पण एक्स्पान्शन वॉल्व्ह, म्हणजे गॅस किती सोडायचा ते ठरवणारा वॉल्व्ह, सेट करताना ते माझ्याकडं पाठ करायचे. दर वेळी. चावी किती फिरवली ते दिसू नये म्हणून.

मी स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा उद्यमनगरात 10 बाय 12 चा गाळा होता. एका बाजूला लेथ, दुसऱ्या बाजूला डाय बनवणारे, आणि वाऱ्याबरोबर फौंड्रीच्या तापल्या वाळूचा वास. मी, एक मदतनीस आणि एक मोटारसायकल. आज 11 मेकॅनिक आहेत आणि 140 कूलर वार्षिक करारावर. हे एका दिवसात झालं नाही, आणि खुर्चीही एका दिवसात आली नाही. आधी फोन आला. मग फोन घ्यायला मुलगी ठेवावी लागली, कारण मी टाकीखाली असलो की फोन उचलणार कोण? मग बिलं, मग बँक, मग टेंडर, मग एका पोराचा अपघात आणि त्या महिन्यात विम्याच्या कागदांमागं केलेली धावपळ. एक दिवस लक्षात आलं की महिनाभर बॅग उघडलेली नाही. पक्कडीच्या सांध्यावर तांबेरा चढला होता. मी तेल घालून ती परत ठेवली, उद्या जाऊ म्हणून. त्यालाही आता 10-11 वर्षं झाली.

2019 चा ऑगस्ट मात्र आठवला की अजून हात शिवशिवतात. पंचगंगेला पूर आला होता. राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांना धोक्याची पातळी असते. पाणी 55 च्या वर गेलं होतं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, आंबेवाडी-चिखलीत छपरं तेवढी दिसत होती, दूध संकलन ठप्प, लोकांनी काळजावर दगड ठेवून दूध ओतून दिलं. पाणी उतरलं आणि आमचं काम सुरू झालं. खोल्यांत गुडघाभर गाळ, टाकीच्या पायांत अडकलेल्या वेली, आणि तो वास. कुजलेली वैरण, डिझेल आणि मेलेलं जनावर यांचा एकत्र वास ज्यानं घेतलाय त्याला तो वेगळा सांगायला नको. कॉम्प्रेसर सीलबंद, त्यामुळं बरेचसे वाचले. पॅनेल, कॉन्टॅक्टर, पंख्याच्या आणि दूध ढवळायच्या मोटारी गेल्या. मीही बॅग घेऊन उतरलो. दिवसाला चार-चार मोटारी खोलून आधी स्वच्छ पाण्यानं धुवायच्या, मग भट्टीत वाळवायच्या, मग मेगरनं, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं, तपासायच्या. सुई वर चढली की पोरं ओरडायची. रात्री वर्कशॉपच्या दारात खिचडी आणि वार्निशचा वास. सतरा दिवस मी ऑफिसच्या टेबलाला शिवलो नाही. लोकांची घरं वाहून गेली होती आणि मी आतून सुखी होतो, हे मला तेव्हा कुणाला सांगताही येत नव्हतं. अठराव्या दिवशी बायकोनं पगाराचा तक्ता पुढं केला. पोरांचा पगार आठ दिवस लांबला होता. ज्यांच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलं होतं अशांचासुद्धा. मी मोटारी धूत होतो तेव्हा माझं खरं काम तसंच पडून राहिलं होतं.

हातातलं काम दिसतं. आकडा 22 वरून 4 वर येतो, माणसं हात जोडतात, तुम्ही हात धुऊन निघता. पगार वेळेवर झाला तर कुणी हात जोडत नाही, आणि जोडूही नयेत. दिवसभर माणसांशी बोलून, दोघांची भांडणं मिटवून, सुट्टीचा अर्ज नाकारून संध्याकाळी घरी आलो की आज काय केलं हे सांगता येत नाही. पहिली काही वर्षं मला रोज वाटायचं, आजचा दिवस फुकट गेला.

गारगोटीचं तर मी नुकसानच केलं. तो आमचा सगळ्यात तयार हात. साहजिकच मी त्याला सुपरवायझर केला, पगार वाढवला, कंपनीचा फोन दिला. चार महिन्यांत तो वाळला. पोरं चुकली की त्यांना समजावून सांगायच्या ऐवजी हा रात्री स्वतः जाऊन दुरुस्त करून यायचा आणि सकाळी पुन्हा फोन घेऊन बसायचा. पोरंही हुशार, अवघड काम आलं की अर्धवट ठेवायची, रात्री गारगोटी येतोय. एक दिवस तो माझ्या समोर उभा राहिला, फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "दादा, माझी बॅग द्या परत." मी आधी रागावलो. वर चढायला मिळतंय आणि हा खाली उतरतो म्हणतोय, असं वाटलं. मग त्याचे हात बघितले. फोन धरून धरून ते कुणा दुसऱ्याचे झाल्यासारखे वाटत होते. आणि माझ्या ध्यानात आलं की पगार वाढवायचा तर खुर्ची द्यायची, याखेरीज मला दुसरा रस्ता सुचलाच नव्हता. एखाद्या माणसानं आयुष्यभर उत्तम मेकॅनिक राहावं आणि तरी त्याच्या पोरांना चांगल्या शाळेत घालता यावं, अशी जागाच मी माझ्या धंद्यात ठेवली नव्हती. बॅग दिली. वाढवलेला पगार तसाच ठेवला. यावरून दोघं कुरकुरले, एक सोडूनही गेला. सुपरवायझर म्हणून नंतर हळदीला नेमलं. तो मेकॅनिक म्हणून मध्यमच, पण कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाची मोटारसायकल बंद आहे, कुणाला कुठल्या गावाला पाठवलं तर तो रात्री घरी पोचेल, हे त्याला तोंडपाठ असतं. ही विद्याच वेगळी आहे, आणि मी ती फार उशिरा विद्या मानली.

त्या डिसेंबरच्या रात्रीतली एक गोष्ट अजून सांगायची राहिलीय. दुसऱ्या दिवशी मला झोपेतच प्रश्न पडला. पॅनेलमध्ये एसपीपी असतो; फेज गेली किंवा क्रम उलटा झाला तर तो मशीन चालूच होऊ देत नाही. मग त्या रात्री कॉम्प्रेसर उलटा फिरला कसा? सकाळी फाइल काढली. ऑक्टोबरातलं जॉब कार्ड, आमच्याच एका पोराचं अक्षर: "एसपीपी ट्रिप होत होता. डायरेक्ट केला. मशीन चालू." खाली वेळ लिहिलेली. तक्रार आल्यापासून चार तासांत काम पूर्ण. आणि माझ्या टेबलामागं भिंतीवर जो फळा आहे, त्यावर त्या दिवशी त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका. सहा तासांच्या आत काम झालं तर हिरवा, नाही तर लाल. तो फळा मीच लावला होता. पोराच्या बॅगेत नवा एसपीपी नव्हता, तो आणायला कोल्हापूरला यायचं म्हणजे लाल ठिपका. त्यानं एसपीपी वगळून वायर डायरेक्ट केली आणि मी त्याला शनिवारी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मला ते आठवतंय. पोराला बोलावलं तेव्हा त्यानं खाली मान घातली. मी त्याला काही बोललो नाही, कारण बोलायचं ते मला होतं. मग सगळी पॅनेल तपासून घेतली. 140 पैकी 31 ठिकाणी एसपीपी डायरेक्ट. 31 संस्थांचं दूध माझ्या हिरव्या ठिपक्यांवर चाललं होतं. आता प्रत्येक बॅगेत एक जादा एसपीपी असतो. फळा उतरवला. त्याचे चार खिळे भिंतीत अजून आहेत, ते काढावेत असं मला वाटत नाही.

मी सकाळी फिरायला जातो त्या वाटेवर आमच्या पेठेची तालीम आहे. शाहू महाराजांनी 1912 साली खासबागेचं मैदान उभं केलं, तेव्हापासूनच्या कुस्त्या या तालमीतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी असतात. वस्ताद हौद्याच्या कडेला बसलेले असतात, मांडीवर वेताची छडी. गुडघे गेलेत, मातीत उतरत नाहीत. पण पोरांची झोंबी चालू असताना त्यांचे खांदे हलत असतात, बारीक, आत कुठं तरी डाव चालू असल्यासारखे. वस्ताद एक डाव राखून ठेवतो, असं आपल्याकडं म्हणतात. त्या खुर्चीनंतर मी बरेच दिवस या म्हणीवर विचार करत होतो. मी तर पाठ करून वॉल्व्ह सेट केला नाही. पोरांना सगळं शिकवलं, अगदी हाताला धरून, असं मी छातीठोक सांगत आलोय. मग आठवलं. आमच्याकडं एक नियम आहे. कॉम्प्रेसर गेला असं कुणीही परस्पर ठरवायचं नाही, आधी दादांना फोन करायचा. महागडा पार्ट आहे, चूक परवडत नाही, म्हणून नियम. असं मी सांगायचो आणि मलाही ते पटलेलं होतं. मशीन बघायचं त्यांनी, हात घालायचा त्यांनी, आणि शेवटचा शब्द 40 किलोमीटरवरून माझा. राखून ठेवलेला डाव तो हाच. आणि इतकी वर्षं राखून तो माझ्या पक्कडीसारखाच तांबेरला होता.

नियम मी बदलला. आता गारगोटी आणि कोतोली दोघं मिळून ठरवतात. पहिल्या महिन्यात फोन वाजला नाही की मला चैन पडत नव्हतं. एकदा त्यांनी बदललेला कॉम्प्रेसर खोलून बघितला, खरंच गेला होता का म्हणून. खरंच गेला होता. तो खोलताना हळदीनं मला बघितलं आणि तो आत न येता दारातूनच मागं फिरला. मला फार लाज वाटली.

परवा शनिवारी संध्याकाळी पगार वाटून झाल्यावर सगळे गेले, कोतोली तेवढा हात धूत होता. मी त्याला म्हटलं, स्क्रोल उलटा फिरला की आवाज कसा येतो ते मला नीट ऐकायचंय. त्या रात्री मी ऐकला, पण मी तेव्हा वॉल्व्हच ऐकत होतो. तो थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिला. मग कोपऱ्यातला टेस्टिंगचा सेट त्यानं पुढं ओढला, गेज लावले, दोन वायरी बदलल्या. बाहेर लेथ बंद झाल्या होत्या, फौंड्रीचा वास होता, आणि त्या गल्लीत शनिवारी संध्याकाळी असते तशी शांतता होती. "जास्त न्हाई लावायचा दादा, अर्ध्या मिनटात बंद करतो. इथं हात ठेवा, वर, डोक्यावर. नुसतं कानानं ऐकू नका." मी शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि दोन्ही तळहात कॉम्प्रेसरवर ठेवले. त्यानं स्विच दाबला. खडखड तळहातातून कोपरापर्यंत चढली. वॉल्व्ह गेला की मशीन ठोकतं, ठराविक ठेक्यात. हे तसं नव्हतं. याला ठेकाच नव्हता, नुसती फरफट, आणि नळी दोन्ही बाजूंना सारखीच कोमट. त्यानं बंद केलं, वायरी परत जागेवर घातल्या, थोडं थांबून पुन्हा चालू केलं, आणि तो जाड घुमारा हाताखाली आला, तसा एकीकडची नळी गार व्हायला लागली.

"कळला फरक?"

"परत एकदा उलटा लाव," मी म्हणालो.